सूर्याच्या सगळ्यात जवळच्या प्रॉक्झिमा ताऱ्यापेक्षाही जवळ एखादा तारा किंवा तपकिरी बटू (तारा व्हायला वजन कमी पडलेला गोळा) सापडायचा राहून गेला असेल का? आणि जवळचे कोणते तारे आपल्याकडून दिसतात?

तारा राहिलेला नाही. तपकिरी बटूही बहुधा नाहीच. त्या ‘बहुधा’वरून आमच्या घरात नऊ वर्षं वाद चालला होता, त्यामुळे उत्तर लांबणार आहे. घाई असेल तर दुसऱ्या कुणाचं वाचा.

मी भूकरमापक होते. साखळी, प्लेन टेबल, शेवटी शेवटी मशीन, अशा सगळ्या जमान्यांत लोकांच्या जमिनी मोजल्या. ‘आमच्या गटाची मोजणी कधीच झालीय, मॅडम’ असं छाती पुढे काढून सांगणारा खातेदार भेटला की मी आधी त्याच्याच बांधावर जायची. काहीतरी निघायचंच.

मे 2004. जूनच्या 8 तारखेला शुक्राचं अधिक्रमण होतं, म्हणून गावोगावी आकाशदर्शनाचे कार्यक्रम चालले होते. कराडजवळच्या एका शाळेच्या मैदानात सतरंज्या टाकल्या होत्या, पन्नास-साठ माणसं जमली होती, वक्ते शहरातून आलेले. रात्री साडेनऊच्या सुमाराला त्यांनी दक्षिणेला, उसाच्या शेंड्यांच्या जरा वर, मित्र तारा, म्हणजे अल्फा सेंटॉरी, दाखवला. म्हणाले, हा आपला शेजारी, सव्वाचार-साडेचार प्रकाशवर्षांवर, हा खरं तर जोडीचा, आणि याचाच तिसरा भाऊ प्रॉक्झिमा सगळ्यात जवळ. मी हात वर केला. “सर, ह्याच्याहून जवळ एखादा असेल आणि अजून सापडलाच नसेल, असं होऊ शकतं का?”

सर हसले. “बाई, स्वतःच्या अंगणातली झाडं मोजायची राहतात का कुणाची?”

मैदान हसलं. सगळ्यात मोठ्यानं हसले ते आमचे भावजी. ते इंजिनिअर. परत येताना जीपमध्ये मागे वळून म्हणाले, “काय वहिनी, आकाशात नवीन गट नंबर पाडताय? सातबारा कुणाच्या नावे चढवायचा?” आमचे हे पण हसले. ते मी अजून विसरलेले नाही.

आता सरांची चूक काय होती ते सांगते, कारण तुमचा प्रश्न नेमका तिथंच अडलाय. अंगणातली झाडं दिसतात कारण दिवसा ऊन असतं. रात्री अंगणात काळं मांजर बसलं तर ते घरापासून किती जवळ आहे याला काही अर्थ नसतो. जवळचा तारा म्हणजे ठळक तारा, हा समज आपल्याकडे इतका पक्का आहे की शिकलेले लोकसुद्धा तो धरून बोलतात. अगस्त्य तीनशे प्रकाशवर्षांच्या पुढे आहे आणि डोळ्यात भरतो. प्रॉक्झिमा 4.24 प्रकाशवर्षांवर आहे आणि साध्या डोळ्यांना दिसत नाही. अकराव्या प्रतीचा आहे तो (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद). 1915 साली जोहान्सबर्गच्या वेधशाळेत रॉबर्ट इन्सनं शोधला, तोपर्यंत तो कुणाच्या खिजगणतीतही नव्हता. आपल्या शेजारचे बहुतेक तारे असेच लाल बटू, म्हणजे लहान, मंद लाल तारे आहेत. एकही लाल बटू साध्या डोळ्यांनी दिसत नाही. एकही नाही.

त्याच्याही खाली तपकिरी बटू. सूर्यासारखा हायड्रोजन जाळत राहायला वजन पुरत नाही, गुरूच्या साधारण 75-80 पट लागतं, तेवढं यांच्याकडे नसतं. जन्मताना तापतात आणि मग आयुष्यभर निवत बसतात, भाकरी झाल्यावर चुलीत उरलेल्या निखाऱ्यासारखे. असं काही असणार हे गणित 1962-63 च्या सुमाराला शिव कुमार या भारतात जन्मलेल्या शास्त्रज्ञानं मांडलं होतं, ‘तपकिरी बटू’ हे नाव 1975 मध्ये जिल टार्टरनं दिलं, आणि खात्रीनं हाती लागायला 1995 उजाडलं. म्हणजे मैदानावरच्या त्या रात्री हा प्रकार सापडून नऊच वर्षं झाली होती! त्यातही 2003 साली, अवघ्या बारा प्रकाशवर्षांवर, एप्सिलॉन इंडी या ताऱ्याच्या सोबतीला एक तपकिरी बटू निघाला होता आणि त्याच वर्षी तो एक नसून जोडी असल्याचं कळलं. अंगणात नवीन झाडं निघत होती आणि सर सांगत होते मोजून झालंय. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, नाहीतर सतरंजीवरूनच उत्तर दिलं असतं.

त्या जीपमधल्या हसण्यामुळे मी दुर्बीण केली. आरसा घासायच्या कार्यशाळेत जाऊन सहा इंची आरसा घासला, रविवारमागून रविवार, आणि नळी म्हणून पीव्हीसी पाइप. तिथं एका मुलानं सांगितलं, “काकू, बर्नार्डचा तारा बघा, तो पळतो.”

पळतो म्हणजे असं. एसटीच्या खिडकीतून लांबचा डोंगर जागचा हलत नाही आणि रस्त्याकडेचे खांब सपासप मागे जातात. ताऱ्यांचंही तेच, जवळचा असेल तो झरझर सरकतो. झरझर म्हणजे आकाशाच्या हिशोबानं. बर्नार्डचा तारा सहा प्रकाशवर्षांच्या किंचित आत आहे आणि वर्षाला 10.3 विकला उत्तरेकडे जातो. एक विकला म्हणजे एका अंशाचा 3600 वा भाग. रुपयाचं जुनं मोठं नाणं पाच किलोमीटरवरून बघितलं तर एवढं दिसेल. सगळ्या आकाशात याच्याइतका वेगानं सरकणारा तारा दुसरा नाही. एडवर्ड बर्नार्डनं 1916 मध्ये हे हेरलं.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यांत, पाऊस सरून आभाळ धुतलेलं असताना, मी गच्चीवर बसून तो शोधला. भुजंगधारी तारकासमूहात आहे, 66 ओफियुकी या ताऱ्याच्या शेजारी. शोधायला चार रात्री गेल्या. मांडीवर कागद म्हणून पुतणीच्या लग्नाची उरलेली पत्रिका, कोपऱ्यात ठसठशीत गणपती, टॉर्चला लाल कागद. पत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर त्या भागातले तारे ठिपक्यांनी काढले. बर्नार्डचा तारा आणि शेजारचे दोन मंद तारे यांचा बारीकसा त्रिकोण होत होता. दुर्बिणीत चित्र उलटं दिसतं म्हणून बाण काढून ‘उ’ लिहिलं. खाली सवयीनं तारीख, वेळ, आणि पंच म्हणून ह्यांची सही घेतली. सही करताना हे म्हणाले, “आता नोटीस कुणाला काढणार?”

मग पत्रिका दागिन्यांच्या डब्यात गेली आणि नऊ वर्षं गेली.

मार्च 2013 मध्ये बातमी आली. केव्हिन लुमन नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाला साडेसहा प्रकाशवर्षांवर दोन तपकिरी बटू सापडले, एकमेकांभोवती फिरणारे. मित्राचं त्रिकूट आणि बर्नार्डचा तारा सोडला तर सूर्याला इतकं जवळचं दुसरं काहीच नाही. 1916 नंतर इतक्या जवळ काही निघालंच नव्हतं. नासाच्या वाइज या दुर्बिणीनं अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या, उजेडात 2010 पासून आकाशाचे फोटो काढले होते. त्यात वेगवेगळ्या वेळच्या फोटोंत एक ठिपका सरकलेला दिसला. तीच एसटीच्या खिडकीची युक्ती. आणि मला जे वाचून टाळी वाजवावीशी वाटली ते पुढचंच. जुने फोटो काढून बघितले तर 1978 च्या फोटोतही तो ठिपका होता. पस्तीस वर्षं नकाशात खूण पडलेली आणि कुणी वाचलेली नाही! आमच्या खात्यात हे दर महिन्याला होतं. लपायला जागा कुठली निवडली, तर आकाशगंगेच्या पट्ट्याजवळची, जिथं ठिपक्यांची एवढी दाटी की जत्रेत हरवलेलं पोर शोधावं.

मी त्याचे सहनिर्देशक घेऊन हिशोब केला. मे 2004 च्या त्या रात्री साडेनऊला ती जोडी आमच्याच आभाळात होती. सर मित्र तारा दाखवत होते त्याच्या उजवीकडे, जरा वर. सरांच्या टॉर्चचा झोत हातभर सरकला असता तर थेट तिच्यावर गेला असता. दिसली अर्थातच कुणाला नसती, माझ्या सहा इंचांतूनही दिसत नाही. पण होती.

त्या ऑक्टोबरात मी पुन्हा बर्नार्डचा तारा काढला, त्याच गच्चीवर, दुसऱ्या कागदावर. नऊ वर्षांत 93 विकला, चंद्राच्या रुंदीचा विसावा भाग. ऐकायला काहीच नाही, पण दोन चित्रं शेजारी ठेवली की त्रिकोण बदललेला चक्क दिसतो. टोक उत्तरेकडे ओढल्यासारखं झालंय. दोन्ही कागद आणि बातमीचं कात्रण घेऊन मी भावजींच्या घरी गेले. चहा झाला. त्यांनी चष्मा लावला, पत्रिका उलटीसुलटी केली.

“अहो, ही तर आमच्या पोरीची पत्रिका.”

“मागची बाजू बघा.”

“पत्रिका 2004 ची आहे, चित्र कशावरून?”

मी सहीवर बोट ठेवलं. सख्ख्या भावाची सही. मग बराच वेळ बघून म्हणाले, “पेन्सिल घसरली असेल, वहिनी.”

सव्वीस वर्षं नकाशे काढणाऱ्या बाईला! मी कप उचलून आत गेले.

पुढच्याच वर्षी, 2014 मध्ये, त्याच लुमननं 7.4 प्रकाशवर्षांवर आणखी एक काढला, वासुकी तारकासमूहात. नाव म्हणजे निव्वळ नंबर, वाइज 0855−0714. तेव्हा त्याचं तापमान उणे 48 ते उणे 13 अंश सेल्सियस निघालं. नंतरचे आकडे थोडे वर सरकले, तरी आपल्याकडच्या थंडीतल्या पहाटेच्या वर गेले नाहीत. वजन गुरूच्या 3 ते 10 पट. त्याला तपकिरी बटू म्हणायचं की आईबापांवेगळा हिंडणारा ग्रह, यावर लोक भांडतात. कात्रण मी भावजींना पोस्टानं पाठवलं. उत्तर आलं नाही.

तर तुमच्या प्रश्नाकडे. मित्र कधी बघायचा ते आधी सांगते, कारण कॅलेंडर बघून ठरवावं लागतं. मेच्या शेवटी आणि जूनच्या सुरुवातीला, पाऊस लागायच्या आधी, रात्री दहाच्या आसपास, दक्षिण क्षितिज मोकळं असलेली गच्ची पाहिजे. शेजारी शेजारी दोन ठळक तारे दिसतील, डावीकडचा मित्र, उजवीकडचा मित्रक. मित्रक शेजारी दिसतो पण शेजारी नाही, शेकडो प्रकाशवर्षं मागे आहे. कराडहून मित्र जास्तीत जास्त बारा अंश वर येतो, म्हणजे हात ताणून धरलेल्या मुठीच्या थोडा वर. गोव्यात किंचित जास्त, नागपूरला आठच अंश, तिथं धूळ आणि इमारती त्याला खाऊन टाकतात. जाता जाता, तो एक नसून दोन तारे आहेत हे पहिल्यांदा कुठून कळलं माहितीय? पाँडिचेरीहून. 1689 च्या डिसेंबरात रिशो नावाचा फ्रेंच पाद्री तिथून धूमकेतू बघत होता, त्याला हे दिसलं. हे मराठीत कुठल्याच कार्यक्रमात कुणी सांगताना मी ऐकलेलं नाही.

थंडीत व्याध 8.6 प्रकाशवर्षं आणि प्रश्वा साडेअकरा, हे तुम्हाला माहीतच असणार. गावाकडे आभाळ काळं असेल तर टाऊ सेटी आणि एप्सिलॉन एरिडानी हे दोन मंद तारे नकाशा घेऊन शोधा, दोन्ही बारा प्रकाशवर्षांच्या आत. बाकीच्या बहुतेकांना दुर्बीण. बर्नार्डला लहानशी चालते, फक्त कागद-पेन्सिल घेऊन बसा आणि तारीख घाला. सही घ्यायची ती शक्यतो तुमच्याशी वाद घालणाऱ्याचीच घ्या, मी तिथं चुकले.

आणि ‘बहुधा’बद्दल. खराखुरा तारा, कितीही मंद लाल बटू का असेना, प्रॉक्झिमाच्या आत असता तर ताऱ्यांची अंतरं मोजणाऱ्या गाया उपग्रहाच्या मोजणीत आलाच असता. सूर्याला चोरून फिरणारा एखादा साथीदार आहे का हेही लुमननं वाइजच्या फोटोंत शोधलं. गुरूएवढं काही सूर्य-पृथ्वी अंतराच्या 26,000 पटींच्या आत नाही असं निघालं. म्हणून निबिरूचे, म्हणजे पृथ्वीवर आदळणार म्हणतात त्या काल्पनिक ग्रहाचे, व्हिडिओ पुढे पाठवणाऱ्या काकांना खुशाल ब्लॉक करा. पण 26,000 पट म्हणजे अर्धं प्रकाशवर्षसुद्धा होत नाही. तिथून पुढे प्रॉक्झिमापर्यंत 0855 पेक्षाही थंड आणि हलकं काही आकाशगंगेच्या गर्दीत बसलं असेल, तर ते नाहीच असं मी लिहून देणार नाही. शक्यता कमी आहे. सरांच्या बाजूनं एवढं म्हणायला हवं की 2004 साली ‘तारा’ या शब्दापुरतं ते बरोबर होते, आणि मी प्रश्नात ‘तारा’च म्हटलं होतं. भावजींना हे कृपा करून कुणी सांगू नका.

2023 च्या ऑक्टोबरात तिसरं चित्र काढलं. आता एकूण सरक तीन कलांच्या (एक कला म्हणजे 60 विकला) वर गेलीय, चंद्राच्या रुंदीचा दहावा भाग. या वेळी भावजींना गच्चीवर बोलावलं होतं, गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही म्हणाले. दुर्बीण अंगणात उतरवली असती, पण अंगणातून भुजंगधारीच्या आड आंब्याचं झाड येतं.