विकलेल्या जमिनीचा कागद कशाला ठेवायचा?

प्रश्न : वाड्याच्या माळ्यावर मोडी कागदांची वळकटी सापडली. त्यातलं एक मिरासपत्र (वंशपरंपरेच्या जमीनहक्काचा कागद) वाचून घेतलं. ती जमीन पणजोबांच्या वेळीच हातची गेली, त्यामुळे मुलगा म्हणतो, रद्दी आहे. गावाचा इतिहास लिहायला याचा काही उपयोग होईल का?
– एक वाचक, जुन्नर तालुका

उत्तर : रद्दीवाल्याला तूर्त परत पाठवा!

मिरासपत्र हाती आलं की लोक विकणारा कोण, घेणारा कोण एवढंच बघतात आणि वंशावळी रंगवत बसतात. मी आधी चतुःसीमा, म्हणजे जमिनीच्या चारी हद्दी, वाचतो. तुमच्या कागदात पूर्वेस ओढा, दक्षिणेस देवळाची वाट, पश्चिमेस कुंभाराचं शेत आणि उत्तरेस ‘शिंदियाचे थळ’ आहे. गावात आज शिंद्यांचं एकही घर नाही, असं तुम्हीच लिहिलंय. थळ म्हणजे एका घराण्याच्या वाट्याची जमीन. तिला जुन्या मिरासदाराचं आडनाव चिकटलं की घराणं बुडालं तरी ते सुटत नसे. इंग्रजी अमलात कर्नल साइक्सनेही दख्खनच्या गावांत हे टिपलं आहे. तेव्हा शिंदे या कागदाच्याही आधीचे असणार.

कागदावर ‘इसन्ने खमसैन अलफ’ आहे, म्हणजे सुहूर सन (जुन्या मराठी कागदांतली अरबी आकड्यांची कालगणना) १०५२. हा सन मृग नक्षत्राला बदलतो, म्हणून इसवी सन १६५१-५२. महिन्याचा कोपरा उंदराने खाल्लाय, त्यामुळे यापुढे ताणू नका.

आता साक्षी बघा. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा या सहीऐवजी काढलेल्या निशाण्या आहेतच, पण शेटे-महाजनांचीही नावं आहेत. ही मंडळी पेठेची वतनदार. आज तुमच्याकडे आठवडे बाजारही भरत नाही, आणि तेव्हा पेठ होती! इतिहास लिहायला इथून सुरुवात करा.

कागद बनावट निघाला तर? वतनाच्या भांडणात खोटे कागद पुष्कळ झाले. पण खोटं करणाऱ्यालाही ओढा आणि शेजारी खरेच लिहावे लागत, नाहीतर गोतसभेत, म्हणजे गावकरी-वतनदारांच्या न्यायसभेत, पहिल्याच फटक्यात पकडला जायचा. मालकीबद्दल शंका घ्या, शिवाराबद्दल सहसा नको.

पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे. तिथे गाव आणि तर्फ (परगण्याचा जुना पोटविभाग) सांगून थळझाडा, म्हणजे गावातल्या थळांची आणि ती कोणाकडे होती याची यादी, मिळतो का विचारा. मिळाला तर शिंद्यांचं थळ पुढे कोणाकडे गेलं ते कळेल. वळकटीतले कागद वेगळे करू नका, आणि कृपा करून लॅमिनेशन तर मुळीच नको. सुती कापडात बांधा. उरलेल्या कागदांचे फोटो पाठवा, मागच्या बाजूचेसुद्धा.