फोम गनने गाडी धुतली तर रंगावर चरे पडत नाहीत, हे खरं आहे का?

अर्धंच खरं आहे. तुम्ही विचारलंय की स्पंज-बादली सोडून फोम गन (शाम्पूचा फेस गाडीवर मारायचं साधन) घेतली तर काळ्या गाडीवर उन्हात दिसणाऱ्या बारीक गोल रेषा पडायच्या थांबतील का, आणि धुवायची नेमकी पद्धत काय. फेस स्वतः चरे थांबवत नाही. रंगाला हात लागण्याआधी जितकी माती निघून गेलेली असेल, तितके चरे कमी पडतात. फेस हे ती माती आधी काढायचं एक साधन आहे. फेस मारून लगेच जुन्याच स्पंजने खसाखसा घासणार असाल, तर गन असून नसून सारखीच.

रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट. कारखान्यातून आलेल्या गाडीवर तो साधारण 40 ते 50 मायक्रॉन जाडीचा असतो आणि चरे त्यातच पडतात. धुळीतले वाळूचे कण बरेचसे क्वार्ट्झचे, म्हणजे कठीणपणाच्या मोहस् श्रेणीवर 7. क्लिअर कोट त्यापुढे फारच मऊ. असा एखादा कण फडकं आणि रंग यांच्यात सापडला की फडक्याबरोबर ओढला जातो आणि रेघ उमटते. कोरड्या फडक्याने धूळ झटकणं सगळ्यात वाईट ते याचसाठी: कण वाहून न्यायला पाणी नाही, घसरायला वंगण नाही. गाडी रविवारी निगुतीने धुवून बाकीचे दिवस सकाळी कोरडं फडकं मारायचं असेल, तर गनवर खर्चच करू नका.

आता गनबद्दल. या नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक साध्या होजपाइपला लागते आणि नळाच्या दाबावर चालते. तिचा फेस पातळ असतो आणि लवकर ओघळतो. दुसरी, फोम कॅनन, प्रेशर वॉशरला लागते. तिच्या आत एक बारीक छिद्र आणि तारेच्या जाळीचा छोटा गोळा असतो. शाम्पू, पाणी आणि हवा त्या जाळीतून जाताना घट्ट फेस बनतो. कॅनन घेताना छिद्राचा आकार बघा. बऱ्याच कॅननमध्ये ते 1.25 मिमी असतं, पण मिनिटाला साडेसात लिटरपेक्षा कमी पाणी देणाऱ्या घरगुती यंत्राला 1.1 मिमी लागतं. मोठं छिद्र आणि छोटं यंत्र अशी जोडी जमली की फेसाऐवजी दुधाळ पाणी येतं, आणि लोक शाम्पूला दोष देतात. तुमच्याकडे प्रेशर वॉशर नसेल तर नळावरची गन पुरते. घट्ट फेस व्हिडिओत छान दिसतो एवढंच. थापून बसलेला, हलतच नाही असा फेस माती खाली वाहून नेत नाही. फेस चिकटावा, पण हळूहळू सरकत राहावा.

शाम्पू किती घ्यायचा, इथे सर्वाधिक गोंधळ होतो. बाटलीवर लिहिलेलं प्रमाण बाटलीतल्या मिश्रणाचं आहे की गाडीवर पडणाऱ्या फेसाचं, हे आधी वाचा. गन बाटलीतल्या मिश्रणात वाटेत बरंच पाणी मिसळते, त्यामुळे दोन्ही आकडे कधीच सारखे नसतात. तुमची गन किती पाणी मिसळते ते एकदाच मोजा: बाटलीत 1 लिटर साधं पाणी भरा, डायल नेहमीच्या खुणेवर ठेवा आणि बाटली रिकामी होईपर्यंत सगळं बादल्यांत मारून मोजा. समजा एकूण 12 लिटर निघालं. गाडीवर 1 टक्का शाम्पू हवा असेल तर 12 लिटरचा 1 टक्का, म्हणजे 120 मिली शाम्पू आणि 880 मिली पाणी बाटलीत. आधी पाणी, मग शाम्पू, नाहीतर बाटलीतच फेस होतो. कोमट पाण्यात जाड शाम्पू चांगला विरघळतो. नेहमीच्या धुण्याला पीएच-न्यूट्रल, म्हणजे आम्लही नाही आणि अल्कलाइनही नाही असा शाम्पू घ्या. अल्कलाइन फोम तेलकट मळ जास्त काढतो, पण मेण किंवा सीलंट (मेणासारखाच संरक्षक थर) लावलेलं असेल तर तेही हळूहळू उतरवतो. भांड्यांचा साबण नको. तोही मेण काढतो आणि हाताखाली हवी तशी निसरड देत नाही.

गाडी सावलीत उभी करा आणि बोनेटला हात लावून बघा. गरम लागलं तर थांबा, कारण गरम पत्र्यावर फेस वाळतो आणि डाग सोडतो. सुरुवात चाकांपासून. त्यांचा ब्रश, फडकं आणि बादली कायम वेगळी. ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण रंगावर यायला नकोत. चाकं शेवटी धुतली तर त्यांचं घाण पाणी धुतलेल्या दारांवर उडतं आणि तोवर बाकीची गाडी वाळायला लागते.

मग फेस कोरड्या गाडीवर मारायचा की ओल्या? नुसती धूळ असेल तर कोरड्यावर, म्हणजे मिश्रण आणखी पातळ होत नाही. चिखल किंवा वाळूचा थर असेल तर आधी भरपूर पाण्याने उडवा, विशेषतः चाकांच्या कमानी, दारांचा खालचा भाग आणि मागचा बंपर. पक्ष्यांची विष्ठा आणि वाळलेले किडे यांवर ओलं फडकं नुसतं ठेवून भिजू द्या, नखाने खरवडू नका. फेस खालून वर मारत जा, म्हणजे सर्वांत मळकट भागाला जास्त वेळ मिळतो. 4 ते 5 मिनिटं राहू द्या, पण कुठे वाळतोय असं दिसलं की वेळ न बघता धुवा. धुताना मात्र वरून खाली. प्रेशर वॉशरला 40 अंशांचं पांढरं नोझल लावा आणि रंगापासून निदान 30 सेंटिमीटर लांब राहा. 0 अंशाचं लाल नोझल गाडीजवळ आणूच नका. रंगाचा टवका उडालेली जागा, पुन्हा रंगवलेलं पॅनल आणि पीपीएफच्या (रंगावर चिकटवलेल्या पारदर्शक संरक्षक फिल्मच्या) कडा इथे आणखी लांबून मारा, नाहीतर कड उचलली जाते.

इतकं झाल्यावरही बोट फिरवलं तर एक पातळ, करडा थर बोटाला लागेल. धूर आणि तेलाचा हा थर फेसाने आणि पाण्याच्या माऱ्याने पूर्ण जात नाही. म्हणजे हात लावावाच लागतो, आणि चरे पडायचे ते इथेच.

दोन बादल्या घ्या, प्रत्येकी 15 लिटरच्या आसपास: एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. दोन्हींत तळाशी जाळी असावी, म्हणजे खाली बसलेले कण ढवळून पुन्हा वर येत नाहीत. स्पंज टाकून द्या. त्याच्या सपाट पृष्ठभागाला कण आत घेता येत नाही, तो कण रंगावरच दाबून धरतो. मायक्रोफायबरचा लांब धाग्यांचा मिट, म्हणजे हातात घालायचा धुण्याचा मोजा, घ्या. गाडीवर फेसाचा दुसरा हात मारा, कारण त्याची निसरड आता खरी उपयोगी पडते. मिट शाम्पूच्या पाण्यात बुडवा, छप्परापासून सुरू करा आणि त्याच्या वजनापेक्षा जास्त जोर देऊ नका. एक पॅनल झालं की मिट साध्या पाण्यात जाळीवर घासून धुवा, पिळा, मग परत शाम्पूत. दारांचा खालचा तिसरा हिस्सा आणि बंपर सगळ्यात शेवटी, शक्यतो वेगळ्या मिटने. मिट जमिनीवर पडला तर त्या दिवसापुरता तो बाद.

हात सरळ रेषेत फिरवा, गोल नाही. सरळ फिरवल्याने चरा पडणार नाही असं नाही, पण पडलाच तर तो एका विशिष्ट कोनातूनच चमकतो. गोल चऱ्याचा कुठला ना कुठला तुकडा प्रकाशाला आडवा येतोच, म्हणून तो कुठूनही बघा, दिसतो. सूर्याच्या किंवा दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याचं जाळं दिसतं ते यामुळे.

पुसताना लोक पुन्हा माती खातात. शेवटी होजपाइपचं नोझल काढून नुसती पाण्याची धार छपरावर आणि बोनेटवर सोडा. पाणी चादरीसारखं उतरतं आणि बरंचसं स्वतःच निघून जातं. मग मोठा जाड मायक्रोफायबर टॉवेल पसरून ठेवा, दाबा, उचला. ओढायचाच असेल तर अगदी हलक्या हाताने. पाणी जड असेल तर आपोआप वाळू देऊ नका, क्षारांचे डाग बसतात. काच पुसायचा रबरी वायपर रंगावर फिरवू नका. त्याच्या पात्याखाली एक कण आला तरी पूर्ण पॅनलभर सरळ रेघ येते. हे टॉवेल सुती कपड्यांपासून वेगळे आणि फॅब्रिक सॉफ्टनरशिवाय धुवा, सॉफ्टनरने धागे पाणी शोषेनासे होतात.

आधीचे चरे यातून जाणार नाहीत, त्यासाठी पॉलिश करावं लागेल, आणि पॉलिश म्हणजे क्लिअर कोटचा थोडा भाग कायमचा काढणं. म्हणून आधी धुण्याची पद्धत बदला, पॉलिश नंतर. उलट केलंत तर काही महिन्यांत पुन्हा तेच.

चांगला चाललेला फेस एक दिवस अचानक पातळ झाला, तर शाम्पू वाढवण्याआधी तारेची जाळी तपासा. क्षार आणि वाळलेला शाम्पू साचून ती तुंबते. रात्रभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, तरी सुधारली नाही तर बदला; ती सुटी मिळते. बाटलीत उतरणारी नळी तळापर्यंत पोचते का आणि मध्ये चीर नाही ना, हेही बघा, हवा ओढली की फेस तुटक येतो. उरलेलं मिश्रण बाटलीत ठेवू नका. प्रत्येक वापरानंतर बाटलीत साधं पाणी भरून अर्धा मिनिट मारा.