ओपन सोर्स लायब्ररीचं नवीन व्हर्जन रिलीझ करायचंय. टॅग मारून अपलोड केलं की झालं ना?

तुम्ही लिहिलंय की पायथनची छोटी लायब्ररी आहे, ०.१ कशीबशी पायपीआयवर (पायथनच्या लायब्रऱ्या लोक जिथून उतरवून घेतात त्या साईटवर) चढवली होती, आता सहा महिन्यांच्या दुरुस्त्या साठल्यात आणि गिटमध्ये टॅग, म्हणजे व्हर्जनची खूण, मारून अपलोड करणार आहात. झालंच की जवळजवळ. पण त्या ‘जवळजवळ’पायी माझी एक अख्खी सकाळ गेली होती, ती आधी सांगतो.

माझीही अशीच एक लायब्ररी आहे. आकडा दिला की अक्षरी रक्कम देते, म्हणजे १,४५९ दिले की ‘एक हजार चारशे एकोणसाठ’. पावत्यांवर ‘अक्षरी रुपये’ छापायला लोक वापरतात. मराठीत शंभरापर्यंत नियमाच्या भरवशावर राहता येत नाही, सगळे शब्द लिहूनच ठेवावे लागतात. १.४.० मध्ये ही यादी मी कोडमधून काढून वेगळ्या जेसन फाईलमध्ये नेली. टेस्ट सगळ्या हिरव्या. रात्री अकराला अपलोड केलं आणि झोपलो.

सकाळी तीन इश्यू आलेले. तिघांचंही म्हणणं एकच: इम्पोर्ट करताक्षणी ‘फाईल सापडत नाही’. व्हीलमध्ये, म्हणजे पायपीआयवर चढवलेल्या तयार पॅकेजमध्ये, फक्त पायथनच्या फाईली गेल्या होत्या, शब्दांची यादी घरीच राहिली होती. मग टेस्ट कशा पास झाल्या? त्या माझ्याच फोल्डरात चालत होत्या आणि तिथे यादी होतीच!

घाबरून दुसरा घोळ केला. म्हटलं, १.४.० डिलीट करू आणि दुरुस्त करून त्याच नंबराने गुपचूप चढवू. पायपीआयने सरळ नकार दिला. तिथे एकदा वापरलेलं फाईलचं नाव डिलीट केल्यावरही परत मिळत नाही. तेव्हा चिडलो होतो, आता पटतं. एकाच नंबराच्या दोन वेगळ्या फाईली लोकांकडे असल्या, तर तक्रार नेमकी कुठल्या फाईलची हे कळणार कसं? अशा वेळी व्हर्जन डिलीट न करता ‘यँक’ करायचं. यँक केलेलं व्हर्जन पिप (लायब्रऱ्या इन्स्टॉल करणारं साधन) आपणहून उचलत नाही, पण ज्याने नेमका तोच नंबर मागितलाय त्याचं काम अडत नाही. मग दुरुस्ती पुढच्या नंबराने, माझ्या बाबतीत १.४.१ म्हणून.

तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलंय की गिटमधला कोड हे रिलीझ नव्हे, लोक उतरवून घेतात ती फाईल म्हणजे रिलीझ. तपासायची तीच. व्हील ही साधी झिप फाईल असते. उघडा आणि आत काय काय आहे ते डोळ्यांनी बघा. मग प्रोजेक्टच्या बाहेर, कुठल्याही रिकाम्या फोल्डरात नवं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पायथनची वेगळी, कोरी जागा) करा, त्यात ते व्हील इन्स्टॉल करा आणि एक खरं काम करून बघा. मी १,४५९ चं अक्षरी करून बघतो. पाच मिनिटं लागत नाहीत. रंगीत तालमीसाठी टेस्ट पायपीआय नावाची वेगळी साईट आहे, तिथे खातं मात्र वेगळं काढावं लागतं.

कोड आणि फाईल यांतल्या याच फटीचा फायदा कुणी मुद्दाम घेतला तर काय होतं, ते मार्च २०२४ मध्ये एक्सझेड युटिल्स या लिनक्सवर फाईली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या बाबतीत दिसलं. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये बॅकडोअर, म्हणजे चोरवाट, होतं, आणि ते जागं करणारी स्क्रिप्ट गिटमध्ये नव्हतीच, फक्त रिलीझच्या टारबॉलमध्ये (लोक उतरवून घेतात त्या गठ्ठ्यात) होती. आंद्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरना एसएसएच लॉगिनला (दूरच्या मशीनवर शिरायला) अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, म्हणून ते सापडलं. तुमच्या लायब्ररीवर कोणी एवढी मेहनत घेणार नाही, पण शक्य असेल तर फाईल स्वतःच्या लॅपटॉपवर बनवू नका. टॅग पुश झाला की गिटहब ॲक्शन्सनेच बिल्ड करून पायपीआयवर चढवायचं, अशी सोय २०२३ पासून आहे. तिला ‘ट्रस्टेड पब्लिशिंग’ म्हणतात आणि त्यात कायमचं टोकन (पासवर्डसारखी किल्ली) कुठे जपून ठेवावं लागत नाही. एक बारीक गोष्ट: साध्या गिट पुशने टॅग जात नाही, तो वेगळा पुश करावा लागतो. आणि एकदा गेलेला टॅग मागाहून दुसऱ्या कमिटवर सरकवू नका, लोकांकडे जुनाच राहतो.

आता नंबर. दुरुस्ती केली तर शेवटचा आकडा वाढतो, नवी सोय दिली तर मधला, आणि वापरणाऱ्याचा चालता कोड मोडणार असेल तर पहिला. ऐकायला सोपं आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘एकवीस’साठी ‘वीस एक’ आलं आणि गदारोळ झाला, आठवत असेल. तशी वाचनपद्धत पर्याय म्हणून दिली तर मधला आकडा वाढेल. पण मी एकदा ‘एकशे पाच’चं ‘एकशेपाच’ केलं आणि शुद्धलेखनाची किरकोळ दुरुस्ती म्हणून शेवटचा आकडा वाढवला. एकाची पावत्या जुळवणारी स्क्रिप्ट त्या एका स्पेसवर उभी होती, ती कोसळली. तिथे पहिलाच आकडा वाढवायला हवा होता. (डोनाल्ड क्नूथ यांच्या टेक या अक्षरजुळणीच्या प्रोग्रॅमचा नंबर दर वेळी गणितातल्या ‘पाय’चा एक अंक घेऊन लांबतो, २०२१ मध्ये तो ३.१४१५९२६५३ झाला. आपल्याला ही चैन परवडणार नाही.)

चेंजलॉगमध्ये (काय बदललं त्याच्या नोंदीत) गिट लॉग, म्हणजे गिटमधली कमिटांची यादी, चिकटवू नका, आणि ‘किरकोळ सुधारणा’ असं तर मुळीच लिहू नका. ‘शेकडा आणि एकक यांच्यामधली स्पेस काढली, पावतीचा मजकूर जुळवत असाल तर तपासा’ असं एक वाक्य लिहिलं असतं तर त्या माणसाची स्क्रिप्ट वाचली असती.

मोठा बदल असेल तर आधी आरसी (रिलीझ कँडिडेट, म्हणजे पक्क्याच्या आधीचं चाचणीचं व्हर्जन) काढा. लिनक्स कर्नलमध्ये दोन आठवडे नवा कोड घेतात आणि मग साधारण दर रविवारी एक, अशा सात-आठ आरसी काढून मगच पक्कं व्हर्जन येतं. तुम्हाला एक पुरेल. नंबरात आरसी असलं की पिप ते न मागता कुणाला देत नाही, त्यामुळे हौशी मंडळीच हात लावतात.

तुमचं पुढचं व्हर्जन माझ्या मते ०.२.०. सुरुवातीला शून्य आहे तोवर काहीही बदलू शकतं हे लोक गृहीत धरतात. सहा महिन्यांच्या दुरुस्त्या म्हणताय, म्हणजे फंक्शनांची नावं अजून एकदा तरी बदलाल. ती बदलून घ्या, मग १.० काढा.