स्क्रीन रीडर चालला म्हणजे काम झालं असं नाही

वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून फक्त स्क्रीन रीडर (पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) आणि रंगांचा कॉन्ट्रास्ट तपासून थांबू नकोस. डिस्लेक्सिया (वाचताना-लिहिताना अडचण), एडीएचडी (लक्ष टिकवायला अडचण) किंवा ऑटिझम असलेली बरीच माणसं तक्रार करत नाहीत. अडली की पान बंद करून निघून जातात. लॉगिनपाशी तर फार अडतात. ओटीपी लक्षात ठेवायचा, दुसरीकडे टाइप करायचा, तेही सेकंद संपत असताना! आकड्यांची उलटापालट होणाऱ्याला तिथेच घाम फुटतो. म्हणून पेस्ट कधीही बंद करू नकोस, वेळ वाढवून घ्यायची सोय ठेव. २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये (वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं) लॉगिनसाठी स्वतंत्र निकष आहे, तो आधी वाच. खास 'डिस्लेक्सियाचा फॉन्ट' लावून सुटका नाही. ओळींमधलं पुरेसं अंतर आणि सोपी वाक्यं मला जास्त मोलाची वाटतात. आणि चाचणीला अशा माणसांनाच बोलाव, रीतसर मानधन देऊन.