अ‍ॅस्कॉट गोल्ड कपमध्ये सात-आठ वर्षांचे घोडे कसे काय जिंकतात?

तुमचा प्रश्न असा की, इंग्लंडमधली तीन वर्षांच्या घोड्यांची डर्बी जिंकणारा घोडा वर्षभरात निवृत्त होतो, मग तिथल्याच अ‍ॅस्कॉटच्या गोल्ड कपला सात-आठ वर्षांचे घोडे येतात कुठून आणि जिंकतात कसे? पुण्याच्या रेसकोर्सवर पैसे न लावता नुसते घोडे बघायला जाणाऱ्यांपैकी मी एक. माझ्या मते याचं कारण घोड्याच्या पायांत कमी आणि मालकाच्या हिशेबात जास्त आहे.

आधी शर्यत समजून घ्या. अंतर सुमारे ४००० मीटर, वय चार किंवा त्याहून जास्त. चार वर्षांच्या घोड्याच्या पाठीवर मोठ्यांपेक्षा थोडं कमी वजन, घोडीला आणखी सूट. पुण्याची इंडियन सेंट लेजर २८०० मीटरची. अ‍ॅस्कॉटची एक फेरीच साधारण तेवढी होते. म्हणजे घोडे एकदा स्टँडसमोरून जातात आणि मग पूर्ण फेरी मारून परत येतात. मध्ये स्विन्ली बॉटम नावाचा सखल भाग लागतो. तिथून वळणापर्यंत चढ आणि पुढे शेवटचा सरळ टप्पा जेमतेम ५०० मीटरचा. सव्वाचार मिनिटांच्या आसपास चालणाऱ्या या खेळात उतावळा घोडा दमून मागे पडतो. जॉकीच्या हाताखाली शांत पळायचं, ताकद राखायची, हे घोडा वयानुसार शिकतो. दमही लवकर ओसरत नाही.

आता हिशेब. पूर्वी डर्बीचे विजेतेही पुढच्या वर्षी इथे उतरत. पर्सिमनने १८९६ साली डर्बी आणि १८९७ साली गोल्ड कप जिंकला. असं करणारा शेवटचा ओशन स्वेल, १९४५ साली. त्यानंतर स्टड फार्मवाल्यांना, म्हणजे घोड्यांची पैदास करणाऱ्यांना, वेग हवासा झाला. २४०० मीटरच्या डर्बीचा विजेता पैदाशीचा नर म्हणून सोन्याची खाण. तो आणखी एक वर्ष पळून हरला तर भाव पडणार. लांब पल्ल्याच्या घोड्याला तेवढी मागणी नाही, म्हणून त्याला घाईनं निवृत्त करण्यात फायदाही नाही. शिवाय इथे खच्ची केलेले घोडे चालतात, डर्बीत नाही. २०१७ चा विजेता बिग ऑरेंज तसाच होता, आणि अशा घोड्याला स्टडवर पाठवण्याचा प्रश्नच येत नाही.

बाजारानं नाकारलं म्हणून हे घोडे वर्षानुवर्षं पळत राहतात, आणि प्रेक्षकांचं त्यात भलं होतं. आयरिश ट्रेनर एडन ओब्रायनचा येट्स २००६ ते २००९ सलग चार वेळा जिंकला, शेवटच्या वेळी आठ वर्षांचा होता. स्ट्राडिव्हेरियस २०१८ पासून तीनदा. २०२० साली कोरोनामुळे स्टँड रिकामे आणि हा गडी १० लेंग्थनं (म्हणजे दहा घोड्यांच्या लांबीनं) पुढे! २०२१ साली चौथा आला, २०२२ साली तिसरा. त्या वर्षीचा विजेता किप्रिओस आजारपणातून उठून २०२४ साली पुन्हा जिंकला. त्याच्या मागे दुसरा आलेला ट्रॉलरमन २०२५ साली सात वर्षांचा होऊन जिंकला. डर्बीत घोडा आयुष्यात एकदाच दिसतो. अशी मालिका तिथे कधी रंगणार?

आणि येट्सला पुढे स्टडवर काम मिळालंच, पण अडथळ्यांच्या शर्यतींचे घोडे पैदा करण्यासाठी. २०२२ ची ग्रँड नॅशनल जिंकणारा नोबल येट्स त्याचाच मुलगा.

(जाता जाता: १९०७ साली शर्यतीच्या दिवसांतच खुद्द कप चोरीला गेला. तो आजवर सापडलेला नाही.)

बघायची असेल तर जूनमधल्या रॉयल अ‍ॅस्कॉटचा गुरुवार, आपल्याकडे रात्री नऊच्या आसपास. कॅमेरा प्रेक्षकांच्या टोप्यांवर फार रेंगाळतो, तिकडे दुर्लक्ष करा. पहिल्यांदा स्टँडसमोरून जाताना कोण लगाम खेचतोय ते हेरून ठेवा. चढ संपेपर्यंत तो सहसा मागे पडलेला असतो.