कुलगुरू व्हायचंय, तर कोर्स कुठला?

"लेक बारावी सायन्सला आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा पदवीदान समारंभ बघून आल्यापासून 'मला कुलगुरू व्हायचंय' म्हणते. तिचे बाबा हसतात. त्यासाठी कुठला कोर्स करावा?"
– एक आई, दापोली तालुका

ताई, नमस्कार.

असा कोर्स नाही, आणि नाही तेच बरं. ही वाट प्राध्यापकीतून जाते. आधी पदव्युत्तर शिक्षण, नेट किंवा सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, पीएचडी. मग सहायक, सहयोगी आणि शेवटी प्राध्यापक. मुंबईसारख्या विद्यापीठाला अर्ज करायचा तर प्राध्यापकपदाची 10 वर्षं गाठीशी लागतात, म्हणजे पन्नाशी आलीच. पुढे शोध समिती निदान पाच नावं सुचवते आणि त्यातलं एक कुलपती, म्हणजे राज्यपाल, निवडतात. मुदत 5 वर्षं.

म्हणून आज पद नको, विषय ठरवा. आंब्यावरचा तुडतुडा असो, खाडीतली कोळंबी असो की गणित. पंचवीस वर्षं कंटाळा येणार नाही असा हवा. आंजर्ल्याजवळच्या मुर्डीचे रँग्लर परांजपे गणिताचे, ते लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू झाले. भारतरत्न पां. वा. काणे पेशाने वकील, तरी 1947 ते 1949 मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. आजच्या नियमांत त्यांचा अर्ज कदाचित छाननीतच बाद झाला असता!

तिने पाहिला तो झगा वर्षातून एखाद्या दिवशी अंगावर येतो. एरवी समोर फायली: रिक्त पदं, कॉलेजांची संलग्नता, वसतिगृहाचं पाणी, निकाल. 2017 मध्ये मुंबई विद्यापीठात उत्तरपत्रिकांच्या ऑनलाइन तपासणीचा घोळ झाला, निकाल महिनोन्महिने रखडले आणि राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली कॉलेजं त्याच विद्यापीठाची, त्यामुळे झळ आपल्याही मुलांना बसली. हे तिला जरूर सांगा. ऐकूनही म्हणाली "मला हेच करायचंय", तर बाबांनी हसणं थांबवावं.

कॉलेजात गेल्यावर तिला एनएसएसच्या शिबिराचा हिशेब अंगावर घेऊ द्या. पावत्या जुळवताना आणि जेवणावरून झालेली भांडणं मिटवताना ती रमते का, ते बघा. शिकवण्यापेक्षा हेच आवडलं, तर कुलसचिव, उपकुलसचिव ही विद्यापीठाचं प्रशासन सांभाळणारी पदंही जाहिरातीने भरतात.

कृषीकडे ओढा असेल तर सीईटीचा अर्ज चुकवू नका. नसेल तर बीएस्सी दापोलीत किंवा रत्नागिरीत खुशाल करू दे. पदवीसाठी पुण्या-मुंबईचा खर्च नको, तो पैसा पीएचडीच्या वर्षांसाठी राखून ठेवा.