बॉनेटखालचं प्लॅस्टिक पांढुरकं पडलंय, ते पुन्हा काळंभोर कसं करायचं?

आधी इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. गरम प्लॅस्टिकवर क्लीनर लगेच वाळतो आणि त्याचे डाग पडतात. अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा भाग), फ्यूजबॉक्स आणि वायरींचे उघडे कनेक्टर प्लॅस्टिकच्या पिशवीने झाका. प्रेशर वॉशर नकोच. पाणी कनेक्टरमध्ये शिरलं की भलतंच दुखणं मागे लागतं.

कोरड्या ब्रशने धूळ झाडा. मग ऑल पर्पज क्लीनर पाण्यात मिसळून (साधारण 1 भाग क्लीनर, 10 भाग पाणी) ब्रशवरच फवारा आणि हलक्या हाताने घासा. इंजिन कव्हरवरच्या अक्षरांच्या खाचा, एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा, इथे जुना दातांचा ब्रश फार कामाचा. ओल्या मायक्रोफायबरने दोन-तीनदा पुसा, कापड स्वच्छ निघेपर्यंत. खरं काम हेच आहे. बहुतेक जण इथे घाई करतात आणि मळावरच पॉलिश चढवतात.

पूर्ण वाळल्यावर पाण्यावर आधारित ड्रेसिंग (प्लॅस्टिकला पुन्हा काळेपणा देणारं द्रव) स्पंजवर घेऊन पातळ लावा, दहा मिनिटांनी जादाचं पुसून टाका. चिकट, चकचकीत थर धूळ ओढतो. मला तर मॅटच आवडतं. बेल्ट आणि पुलीच्या आसपास ड्रेसिंग अजिबात जाऊ देऊ नका, बेल्ट घसरतो.

आणि डिझेल-रॉकेलने पुसायचा सल्ला कृपा करून ऐकू नका. रबरी होज फुगतात, शिवाय आगीचा धोका.